कॉर्फबॉल: आधी जागा, मग नेम
ॲमस्टरडॅममधले शिक्षक निको ब्रूकहाउसन यांनी 1902 मध्ये सुरू केलेल्या कॉर्फबॉलमध्ये चेंडू घेऊन पळता येत नाही. बचावपटूने नियमानुसार अडवलेल्या खेळाडूला टोपलीवर नेमही धरता येत नाही. म्हणून शाळेत आक्रमण शिकवताना नेमाआधी जागा शोधायला शिकवावं. साडेतीन मीटर उंच टोपलीचा खांब कडेला नसून मैदानाच्या आत असतो, त्यामुळे मागूनही गोल होतो. बास्केटबॉलची सवय झालेल्या मुलांना हे चटकन उमजत नाही. चार आक्रमकांपैकी एकाने खांबाशी थांबून हुकलेला चेंडू टिपावा, एकाने पास पुरवावेत, उरलेल्या दोघांनी हुलकावणी देऊन सुटावं. मुलांना नेमातच मजा वाटते, हा आक्षेप रास्त आहे. पण मोकळी जागाच नसेल तर नेम धरणार कुठून? भूमिका मात्र अदलाबदल करत राहाव्यात, नाहीतर उंच मूल कायम खांबालाच चिकटतं.