बासेल : मूल आधी, घर मागून

कोकणातल्या एखाद्या जुन्या घराची कौलं उतरवत असतील, तर त्यातलं एक हातात घेऊन पाहावं. काही मंगलोरी कौलांवर 'बासेल मिशन' अशी उठावाची इंग्रजी अक्षरं आणि १८६५ हे साल सापडतं. हे बासेल म्हणजे स्वित्झर्लंडच्या वायव्य टोकाचं, ऱ्हाईन नदीकाठचं शहर. १८१५ मध्ये तिथे स्थापन झालेल्या मिशनची माणसं १८३४ मध्ये मंगलोरला उतरली आणि पुढे त्यांनी तिथे कौलांचा कारखाना काढला. विसाव्या शतकात याच शहरातल्या रंग-औषधांच्या कंपन्या मुंबई-ठाण्यात आल्या. गोरेगावातलं सिबाचं संशोधन केंद्र १९६३ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झालं, आणि ठाण्यात 'सँडोझ बाग' हे नाव आजही पत्त्यांत लिहिलं जातं. सिबा-गायगी आणि सँडोझ १९९६ मध्ये एकत्र येऊन नोव्हार्टिस झाली. तिचं मुख्यालय बासेललाच आहे, रॉश या औषधकंपनीचंही तिथेच. रॉशचे दोन पांढरे, पायऱ्यापायऱ्यांनी निमुळते होत गेलेले मनोरे शहरात कुठूनही दिसतात. त्यातला उंच मनोरा २०५ मीटरचा आहे.

आता माणसं उलट्या दिशेने जातात. पुण्याहून, ठाण्याहून, मुंबईहून औषधशास्त्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ, संगणकाच्या कामातली मंडळी दोन-पाच वर्षांच्या करारावर बासेलला पोहोचतात, आणि बऱ्याचदा सोबत तीन-चार वर्षांचं मूल असतं. मोठ्यांना नोकरीमुळे शहरात जागा मिळते, पण त्यांचा दिवस इंग्रजीत आणि ऑफिसात संपतो. मुलाचं तसं होत नाही. बासेल लहान मुलाला थेट हाताशी धरतं आणि रस्ता, नदी, सण, बोली असं सगळं त्याच्या स्वाधीन करतं. आईवडील त्याच्या मागोमाग आत येतात. पर्यटकांना हे दिसत नाही. ते म्युन्स्टर चर्च आणि कलासंग्रहालय पाहून इंटरलाकेनची गाडी पकडतात.

शहर छोटं आहे, वस्ती पावणेदोन लाखांच्या आसपास. पूर्वेकडून येणारी ऱ्हाईन शहरात मोठं वळण घेऊन उत्तरेला वळते. डाव्या, उंच काठावर ग्रोसबासेल : तांबड्या वालुकाश्मातलं म्युन्स्टर, अरुंद चढाचे रस्ते, १४६० सालचं विद्यापीठ. उजव्या, सखल काठावर क्लाइनबासेल : जुन्या कामगार वस्त्या, तुर्की वाणसामानाची दुकानं आणि संध्याकाळचं ऊन पडणाऱ्या दगडी पायऱ्या. पूल आहेतच, पण मुलांना ओढ असते ती होडीची. नदीवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारेला बांधलेल्या अशा चार होड्या इथे आहेत. त्यांना इंजिन नाही. नावाडी होडी प्रवाहाला तिरकी धरतो आणि पाण्याच्या जोरानेच ती पलीकडे जाते. जर्मनी आणि फ्रान्सची सरहद्द इतकी जवळ, की आठ नंबरची ट्रॅम जर्मनीतल्या वाइल गावी जाते आणि तीन नंबरची फ्रान्समधल्या सँ-लुईला. विमानतळ तर फ्रान्सच्याच भूमीवर आहे. सहा वर्षांखालच्या मुलांना ट्रॅमचं तिकीट नाही. शनिवारी स्वस्त किराण्यासाठी बाबागाडीसकट देश ओलांडणारी कुटुंबं हे तिथलं नेहमीचं दृश्य आहे.

पहिले आठवडे कागदपत्रांत जातात. चौदा दिवसांत शहराच्या कार्यालयात नोंदणी, तीन महिन्यांत घरातल्या प्रत्येकाचा, अगदी तान्ह्या बाळाचाही, वेगळा आरोग्यविमा. कचऱ्याला सरकारी निळी पिशवीच लागते आणि तिच्या किमतीतच कर असतो. अनेक इमारतींत कपडे धुण्याचं यंत्र तळघरात, सामायिक असतं, आणि आपला वार ठरलेला असतो. रविवारी दुकानं बंद, काचेच्या बाटल्या टाकायच्या पेट्याही वापरायच्या नाहीत. हे सगळं महिन्याभरात अंगवळणी पडतं. खरी कसोटी पुढे आहे.

मूल चार वर्षांचं झालं की किंडरगार्टन. ३१ जुलैपर्यंत चार पूर्ण झालेलं मूल ऑगस्टमध्ये शाळेत जातं. ही दोन वर्षं सक्तीची आहेत आणि सरकारी शाळेत फी नाही. शाळा बहुधा चालत जाण्याच्या अंतरावर, आणि तिथे चालत जायचं ते मुलानेच. सुरुवातीचे काही आठवडे आई किंवा बाबा बरोबर जातात, मग अर्ध्या वाटेपर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत, मग दारातूनच निरोप. गाडीने सोडू नका, अशी शाळेची स्पष्ट विनंती असते. गळ्यात दुरून चमकणारा पट्टा असतो. पोलीस स्वतः वर्गात येऊन रस्ता ओलांडायला शिकवतात : थांब, बघ, ऐक, मग चाल. मुलाने हाताने इशारा करून गाडी थांबवायची नाही. चाकं पूर्ण थांबलेली दिसल्यावरच पाऊल टाकायचं. चालकांनाही सांगितलेलं असतं की गाडी नुसती हळू करू नका, थांबवाच.

आपल्याकडे चार वर्षांच्या मुलाचं बोट कुणी सोडत नाही, आणि आपल्या रस्त्यांवर ते सोडूही नये. म्हणून बासेलला नव्याने गेलेल्या आईच्या पोटात पहिल्या दिवशी गोळा येतो, तो अगदी रास्त आहे. पण यातलं धाडस एकट्या मुलाच्या माथी मारलेलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. वाहनांचा वेग, पिवळे पट्टे, चालकाची सवय, वाटेवरच्या दुकानदाराची नजर अशी सगळी व्यवस्था त्या गळ्यातल्या पट्ट्यामागे उभी असते. मुलाला स्वावलंबी व्हायला सांगण्याआधी शहराने आपलं काम केलेलं असतं.

दप्तरात पुस्तक नसतं. सकाळी नऊच्या सुमाराच्या खाऊचा डबा असतो. त्यात गाजर, सफरचंद, पावाचा तुकडा चालतो, चॉकलेट-बिस्किटं नाहीत. वर्गात घालायच्या सपाता वेगळ्या. अक्षरं गिरवून घेण्याची घाई नाही. कातरकाम, गाणी, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, आणि ठरलेल्या दिवशी रानात फेरी, पाऊस असला तरी. साडेतीन वर्षांच्या मुलाला एबीसीडी येते म्हणून खूश असणाऱ्या आपल्या पालकांना पहिलं वर्ष वाया गेल्यासारखं वाटतं. मला मात्र पावसाळी बूट घालून चिखलात तासभर रमणारं मूल जास्त शिकताना दिसतं.

एक बाजू कठीण आहे आणि ती लपवू नये. दुपारी बाराच्या सुमारास शाळा सुटते आणि मुलं घरी जेवायला येतात. ही पद्धत आई घरी असते असं गृहीत धरून पडलेली आहे. शाळांतून दुपारच्या जेवणाची आणि नंतर थांबण्याची सोय असते, पण तिला नाव आधी नोंदवावं लागतं आणि पैसे पडतात. त्याहून लहान मुलांची पाळणाघरं तर फार महाग. पुण्यात स्वतःची टीम सांभाळणारी बाई इथे नवऱ्याच्या नोकरीपायी येते. तिला काम करण्याची कायद्याने मुभा असते, पण जर्मन येत नाही आणि बारा वाजता मूल दारात हजर असतं. तिचं वर्ष-दोन वर्षांचं एकटेपण हे अशा स्थलांतराचं सर्वांत मोठं मोल आहे, आणि कंपनीच्या स्वागतपत्रात त्याचा उल्लेख नसतो. तिला पहिल्या ओळखी मिळतात त्या बहुतेक मुलामुळेच, शाळेच्या कुंपणाशी आणि बागेतल्या वाळूच्या खड्ड्याशी.

भाषेच्या बाबतीत बासेलने एक पाऊल पुढे टाकलेलं आहे. किंडरगार्टनच्या दीड वर्ष आधी शहर पालकांना प्रश्नावली पाठवतं : मुलाला जर्मन किती समजतं? पुरेसं समजत नसेल, तर शाळेआधीचं वर्षभर त्याने आठवड्यातले काही अर्धे दिवस जर्मन बोलणाऱ्या खेळगटात जाणं २०१३ पासून सक्तीचं आहे. त्याचा खर्च शहर उचलतं. सक्ती हा शब्द टोचतो, हे खरं. पण पहिल्या दिवशी वर्गात गप्प बसून राहणाऱ्या मुलाचा विचार केला, तर ही सक्ती मला प्रेमाची वाटते. घरी मराठी बंद करा, असं कुणी म्हणत नाही. उलट पहिली भाषा पक्की असू द्या, असंच शिक्षिका सांगतात. मग सहा-आठ महिन्यांत मूल प्रमाण जर्मनही नव्हे, तर बासेलची बोली बोलू लागतं. शिकवणीला जाऊन व्याकरण शिकलेल्या वडिलांना ती कळत नाही, आणि ट्रॅममध्ये शेजारच्या आजींचं बोलणं लेक समजावून देते.

उन्हाळ्यात सगळं शहर नदीत असतं. कपडे, चपला, चावी माशाच्या आकाराच्या जलरोधक पिशवीत घालायची, तिचं तोंड सात वेळा गुंडाळायचं, आणि क्लाइनबासेलच्या काठाने प्रवाहाबरोबर वाहत जायचं. टिंगेली संग्रहालयाजवळ उतरून काही पूल ओलांडेपर्यंत पाणीच माणसाला नेतं. ऑफिस सुटल्यावर असं घरी जाणारी माणसं आहेत. लहान मुलांना हे नाही. पक्कं पोहता आल्याशिवाय आणि मोठं माणूस सोबत असल्याशिवाय ऱ्हाईनमध्ये उतरायचं नसतं, कारण प्रवाहाला ओढ आहे आणि मालवाहू जहाजंही जातात. पण पायऱ्यांवर बसून पाय बुडवता येतात, आणि शहरातल्या जुन्या कारंज्यांच्या दगडी कुंडांत मुलं खुशाल डुंबतात.

या नदीचा इतिहास आपल्या लोकांनी मुलांना जरूर सांगावा. १ नोव्हेंबर १९८६ च्या पहाटे शहरालगतच्या श्वाइत्झरहाले इथे सँडोझच्या गोदामाला आग लागली. भोंगे वाजले, खिडक्या बंद ठेवा असं सांगितलं गेलं. आग विझवायला मारलेल्या पाण्याबरोबर टनावारी कीटकनाशकं नदीत गेली. ऱ्हाईन लाल झाली आणि खालच्या अंगाला शेकडो किलोमीटर मासे मेले. भोपाळच्या वायुदुर्घटनेला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. लोक रस्त्यावर आले, आणि ऱ्हाईनकाठच्या देशांनी १९८७ मध्ये नदी सुधारण्याचा कार्यक्रम एकत्र आखला. सांडपाणी शुद्ध होऊ लागलं, कारखान्यांवर बंधनं आली. आज पोरं ज्या पाण्यात पाय सोडतात, ते आपसूक स्वच्छ राहिलेलं नाही. शहराच्या पिण्याच्या पाण्यातला मोठा वाटा याच नदीचा आहे : लांगे एर्लेनच्या झाडीत ते जमिनीत मुरू देतात आणि माती ते गाळते. त्याच झाडीत हरणांचं उद्यान आहे, प्रवेश फुकट. रविवारी तिथे बाबागाड्यांची गर्दी असते.

प्राणिसंग्रहालय मात्र शहराच्या मध्यात. १८७४ चं हे उद्यान सगळ्यांच्या तोंडी 'त्सोली'. थंडी पडली की इथले राजे पेंग्विन पिंजऱ्याबाहेर फिरायला निघतात आणि मुलं दोन्ही बाजूंना उभी राहतात. भारतीय मुलाला तिथे गेंडा दाखवावाच. काझीरंगाहून १९५१ मध्ये गदाधर आणि पुढच्या वर्षी जोयमोती इथे आली. १४ सप्टेंबर १९५६ ला त्यांना रुद्र झाला. भारतीय गेंड्याचं पिल्लू प्राणिसंग्रहालयात जन्मण्याची युरोपातली ती पहिली वेळ. जगभरच्या प्राणिसंग्रहालयांतल्या भारतीय गेंड्यांची वंशावळ बासेललाच नोंदली जाते.

आणि मग फासनाख्त. हा सण कळल्याशिवाय बासेल कळत नाही. ॲश वेन्सडेनंतरच्या सोमवारी पहाटे चारच्या ठोक्याला शहराचे दिवे मालवतात. मुखवटे घातलेले जथे रंगवलेले कंदील घेऊन, ढोलाच्या आणि बारीक पिकोलो बासरीच्या तालावर निघतात, आणि पुढचे ७२ तास शहर त्यांचं असतं. २०१७ मध्ये युनेस्कोने या सणाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. मंगळवारचा दिवस मुलांचा. लहानगी हातगाड्यांत बसून मिठाई वाटत फिरतात. कागदाच्या टिकल्या उडवायच्या, पण एकाच रंगाच्या, कारण रंग मिसळलेले असले तर त्या जमिनीवरून उचललेल्या ठरतात. जथ्यांच्या बालशाखा वर्षभर ढोल आणि पिकोलो शिकवतात. गणपतीआधी ढोल-ताशा पथकाच्या सरावाला जाणाऱ्या पुण्याच्या मुलाला हे वेगळं सांगावं लागणार नाही. मूल अशा शाखेत गेलं की घर आपोआप सणाच्या आतल्या बाजूला जातं : आई मुखवटा रंगवते, बाबा पहाटे तीनला कंदिलाची दांडी धरून उभे असतात. शरदातली जत्राही आहे, १४७१ पासूनची. म्युन्स्टरच्या चौकात पाळणे लागतात आणि दोन आठवडे मुलांना घरी आणणं अवघड होतं.

पुढची शाळा तिसरीपासून फ्रेंच, पाचवीपासून इंग्रजी शिकवते. त्यात मराठी टिकवायची तर आजीशी रोजचं बोलणं आणि घरातला आग्रह, दुसरा उपाय नाही. गणपतीत मराठी घरं एकत्र येतात तेव्हा आरतीच्या मधेच मुलं आपसात बासेलच्या बोलीत कुजबुजतात. मोठ्यांनी त्यांना गप्प केलं तरी रागावू नये.

नागरिकत्वाचा विचार बहुतेक घरांत उशिरा येतो. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे निर्णय सोपा नसतो. स्विस कायदा अर्जासाठी दहा वर्षांचं वास्तव्य मागतो. परवान्याच्या आणि इतर अटी वेगळ्या आहेतच. पण वयाच्या आठ ते अठरा या काळात तिथे काढलेलं प्रत्येक वर्ष तो दुप्पट मोजतो, फक्त प्रत्यक्षातली सहा वर्षं तरी भरावी लागतात. चौथ्या वर्षी बासेलला आलेल्या मुलीची दहा वर्षं अकराव्या वर्षीच पूर्ण होतात. तिच्याच बरोबर, त्याच विमानाने उतरलेल्या आईवडिलांना आणखी तीन वर्षं थांबावं लागतं.