लग्न करायचं तर राजीनामा द्या!

घरातल्या मुलाला चांगली सरकारी नोकरी लागली, की पेढे वाटून होतात न होतात तोच दुसरा विषय निघतो. 'आता याच्या लग्नाचं बघायला हवं.' नोकरी आणि लग्न ही जोडी आपल्या मनात अशी पक्की बसलेली आहे. पण याच देशात, स्वातंत्र्य मिळाल्यानंतर, एक मोठी मानाची सरकारी नोकरी अशी होती, की तिथे मुलीची निवड झाली तर तिच्याकडून आधी हमी घेतली जाई. लग्न केलं तर राजीनामा द्यावा लागेल, अशी. मुलांकडून अशी हमी कुणी मागत नव्हतं.

ही नोकरी म्हणजे भारतीय परराष्ट्र सेवा. आणि ही हमी देऊन त्या सेवेत गेलेली पहिली मुलगी म्हणजे चोनिरा बेलियप्पा मुथम्मा. पुढे ती राजदूत झाली. आणि राजदूत असतानाच तिने सरकारला सर्वोच्च न्यायालयात खेचलं. आज आपण तिच्या कारकिर्दीविषयी बोलणार आहोत.

मुथम्मांचा जन्म 24 जानेवारी 1924 रोजी कूर्गमधल्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यातल्या विराजपेटचा. वडील वनखात्यात अधिकारी होते. मुथम्मा नऊ वर्षांच्या असताना ते वारले. पदरात चार मुलं. पण आईने एक गोष्ट मनाशी ठरवली होती, चौघांनाही शिकवायचं. मडिकेरीला शाळा, मग मद्रासला विमेन्स ख्रिश्चन कॉलेज आणि पुढे प्रेसिडेन्सी कॉलेजातून इंग्रजी साहित्यात एम. ए., असं मुथम्मांचं शिक्षण झालं. 1948 साली त्या केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. मुलाखत मंडळाने त्यांना परराष्ट्र सेवेत न जाण्याविषयी परोपरीने सुचवलं. त्यांनी ते ऐकलं नाही. 1949 साली त्या सेवेत दाखल झाल्या.

आता कुणी म्हणेल, त्या काळात तर विजयालक्ष्मी पंडित राजदूत होत्याच की! खरं आहे. 1947 साली त्या मॉस्कोला गेल्या, 1949 साली वॉशिंग्टनला गेल्या, आणि 1953 साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या अध्यक्षाही झाल्या. पण इथे एक फरक समजून घेतला पाहिजे. सरकार काही राजदूत सेवेबाहेरून, सार्वजनिक जीवनातून निवडतं. विजयालक्ष्मीबाईंची नेमणूक तशी होती. तिथे परीक्षा नाही, हाताखालची उमेदवारी नाही, बढतीच्या पायऱ्या नाहीत. सेवेत शिरलेल्या अधिकाऱ्याला मात्र तळापासून चढत जावं लागतं. म्हणजे स्त्री राजदूत चालेल, हे देशाने मान्य केलं होतं. स्त्रीने तिथपर्यंत रांगेत उभं राहून, पुरुषांच्या बरोबरीने जावं, हे मात्र पचनी पडलेलं नव्हतं.

ही रांग कशी असते, ते थोडक्यात पाहू. परीक्षा झाली की प्रशिक्षण. मग एखादी परकी भाषा शिकायची आणि परदेशातल्या वकिलातीत तिसरा सचिव म्हणून रुजू व्हायचं. पुढे दुसरा सचिव, पहिला सचिव, समुपदेशक, मिनिस्टर आणि मग राजदूत. इथे मिनिस्टर म्हणजे मंत्री नव्हे, ती वकिलातीतली राजदूताच्या खालची पायरी. अधूनमधून दिल्लीला परराष्ट्र मंत्रालयात बोलावलं जातं. तिथे एखाद्या देशाचा किंवा देशांच्या गटाचा कारभार सोपवला जातो. दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड उचलायचं आणि नव्या देशात पुन्हा मांडायचं.

काम काय, तर ऐकायचं, माणसं जोडायची, त्या देशात काय शिजतंय ते आपल्या सरकारला वेळेवर कळवायचं, आणि आपल्या सरकारचं म्हणणं तिथे नेमक्या शब्दांत मांडायचं. राजदूत नव्या देशात जातो तेव्हा तिथल्या राष्ट्रप्रमुखाला अधिकारपत्र सादर करतो. राष्ट्रकुलातल्या देशात गेला तर त्याला राजदूत न म्हणता उच्चायुक्त म्हणतात. नाव वेगळं, काम तेच.

मुथम्मांची पहिली नेमणूक पॅरिसला झाली. पुढे रंगून आणि लंडन इथेही त्यांनी काम केलं. दिल्लीत पाकिस्तान आणि अमेरिका या विभागांचं काम पाहिलं. ही काही शोभेची खाती नव्हेत. 1970 साली त्यांना हंगेरीत राजदूत म्हणून पाठवण्यात आलं. परीक्षा देऊन सेवेत आलेली स्त्री राजदूत झाली, ती ही पहिलीच वेळ. त्यासाठी सुमारे एकवीस वर्षं लागली होती. नंतर त्या घानाला उच्चायुक्त म्हणून गेल्या.

मग तक्रार कशाबद्दल होती?

राजदूत झालं म्हणजे शिडी संपली, असं नसतं. छोट्या देशातला राजदूत आणि मोठ्या देशातला राजदूत यांच्या श्रेणीत फरक असतो. सेवेतल्या अगदी वरच्या श्रेणीत जाण्यासाठी नुसती सेवाज्येष्ठता पुरत नाही. तिथे निवड होते आणि ती गुणवत्तेवर होते, असं नियम सांगतो. पण गुणवत्ता ठरवणार कोण? वरिष्ठांची समिती. कशावरून? वरिष्ठांनीच लिहिलेल्या गोपनीय अहवालांवरून. अशा ठिकाणी मनातला आकस कागदावर उमटत नाही, 'अपात्र' एवढाच शब्द उमटतो. मुथम्मांना या पहिल्या श्रेणीतली बढती नाकारण्यात आली आणि त्यांच्यापेक्षा सेवेने कनिष्ठ असलेले पुरुष अधिकारी पुढे गेले.

मुथम्मांपुढे दोन वाटा होत्या. निवृत्तीला काही वर्षं उरली होती, मान होता, पद होतं, गप्प बसता आलं असतं. त्यांनी दुसरी वाट धरली. घटनेच्या बत्तिसाव्या कलमाखाली त्यांनी थेट सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. आणि त्या केवळ आपल्या बढतीबद्दल बोलल्या नाहीत. सेवेचे नियमच स्त्रियांविरुद्ध आहेत, असं त्यांनी न्यायालयाला सांगितलं.

ते नियम 1961 सालचे होते. एक नियम असा, की विवाहित स्त्रीला या सेवेत नेमणूक हक्क म्हणून मागता येणार नाही. दुसरा, आठव्या नियमाचा दुसरा पोटनियम, आणखी पुढचा. सेवेतल्या स्त्रीने लग्नापूर्वी सरकारची लेखी परवानगी घेतली पाहिजे. आणि लग्नानंतर, तिच्या घरच्या जबाबदाऱ्या कामाच्या आड येतील असं सरकारला वाटलं, तर तिला केव्हाही राजीनामा द्यायला सांगता येईल. नीट लक्ष द्या. कामात चूक झाली पाहिजे, असं नियम म्हणत नाही. जबाबदाऱ्या आड 'येतील' असं सरकारला वाटलं, एवढं पुरे.

यामागे एक हिशोब होता, तोही समजून घेऊ. राजनैतिक अधिकाऱ्याची बायको त्याच्याबरोबर जाते, तिथलं घर सांभाळते, पाहुण्यांच्या मेजवान्या पार पाडते, मुलांच्या शाळा दर तीन वर्षांनी बदलते. सरकारला एका पगारात दोन माणसांचं काम मिळतं. आता अधिकारी स्त्री असेल तर तिचा नवरा हे करील का? करणार नाही, असं नियम लिहिणाऱ्यांनी गृहीत धरलं. आणि त्या गृहीताची किंमत बाईने द्यायची, असंही ठरवून टाकलं.

हे केवळ परराष्ट्र सेवेतच होतं असंही नाही. 1951 साली प्रशासकीय सेवेत आलेल्या पहिल्या महिला अण्णा राजम यांच्या नेमणुकीच्या आदेशातही लग्न केल्यास सेवा संपुष्टात येईल, अशी अट होती. गंमत म्हणजे, त्यांना मुलाखत मंडळाने सुचवलं होतं, की प्रशासकीय सेवेपेक्षा परराष्ट्र सेवा स्त्रियांना अधिक योग्य! मुथम्मांना नेमकं उलटं सांगण्यात आलं होतं. बाई ज्या दाराशी उभी असेल ते दार सोडून दुसरं कुठलंही तिच्यासाठी योग्य, असा तो न्याय. अण्णा राजम यांच्या वेळची अट पुढे गेली, त्यांनी लग्न केलं आणि नोकरीही केली. आपल्या न्हावाशेव्याचं जवाहरलाल नेहरू बंदर उभं राहिलं, त्या कामाची धुरा याच अण्णा राजम मल्होत्रा यांच्याकडे होती.

मुथम्मांच्या याचिकेचा निकाल 17 सप्टेंबर 1979 रोजी लागला. खंडपीठावर न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर आणि न्यायमूर्ती पी. एन. सिंघल होते. न्या. कृष्ण अय्यर यांनी या नियमांचा जो समाचार घेतला, तो आजही कायद्याचे विद्यार्थी वाचतात. त्यांचा मुद्दा अगदी साधा होता. घरच्या जबाबदाऱ्या स्त्रीच्या कामाच्या आड येऊ शकतात, तर पुरुषाच्याही येऊ शकतात. मग परवानगीची आणि राजीनाम्याची टांगती तलवार एकीच्याच डोक्यावर का? घटनेची चौदावी, पंधरावी आणि सोळावी कलमं समानता सांगतात. विवाहित पुरुषाला जो हक्क आहे, तो बाकी सगळं सारखं असताना विवाहित स्त्रीला कमी कसा? प्रत्येक कामात स्त्री-पुरुष भेद कधीच करता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं नाही. एखाद्या कामाच्या स्वरूपामुळे भेद करावा लागला, तर त्याची गरज दाखवून द्या, असं त्याचं म्हणणं होतं. गरज दाखवता येत नसेल, तिथे समानता हाच नियम.

आणि निकाल? तांत्रिकदृष्ट्या मुथम्मांची याचिका फेटाळली गेली. कारण सुनावणीच्या थोडं आधी सरकारने त्यांना बढती देऊन टाकली होती! काही महिन्यांपूर्वी अपात्र ठरलेली अधिकारी अचानक पात्र ठरली होती. सरकारतर्फे सॉलिसिटर जनरल सोली सोराबजी यांनी सांगितलं, की विवाहित स्त्रीच्या नेमणुकीविषयीचा नियम 1973 मध्येच काढला आहे आणि दुसराही काढण्यात येत आहे. मागण्यासारखं काही उरलं नाही म्हणून याचिका निकाली निघाली. पण प्रश्न निकाली निघालेला नाही, हे न्यायालयाने स्पष्ट नोंदवलं. सेवेच्या सगळ्या नियमांतून असा भेदभाव शोधून काढून टाका, असं सरकारला सांगितलं. मधल्या महिन्यांत पुढे गेलेल्या कनिष्ठांच्या तुलनेत मुथम्मांच्या ज्येष्ठतेचा फेरविचार करा, असंही सांगितलं.

या कथेत एक गोष्ट मनाला लागून राहते. मुथम्मांनी स्वतः लग्न केलं नाही. त्या अविवाहितच राहिल्या. म्हणजे ज्या नियमाविरुद्ध त्या उभ्या राहिल्या, तो गेल्याने त्यांच्या पदरात काहीच पडणार नव्हतं. पदरात पडणार होतं ते त्यांच्या मागून येणाऱ्यांच्या.

मुथम्मांची शेवटची नेमणूक नेदरलँड्समध्ये हेगला होती. 1982 साली त्या निवृत्त झाल्या. स्वीडनचे नेते ओलोफ पाल्मे यांच्या अध्यक्षतेखाली 1980 साली नि:शस्त्रीकरण आणि सुरक्षेविषयी आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन झाला, त्यावरही त्या सदस्य होत्या. पुढे त्यांनी राज्यकारभारावर परखड लेख लिहिले, ते 'स्लेन बाय द सिस्टीम' या नावाने 2003 साली पुस्तकरूपाने आले. आणि कोडगूच्या पारंपरिक स्वयंपाकावरही त्यांनी पुस्तक लिहिलं. घर आणि करिअर यांत बाईने एकच निवडावं असं सांगणाऱ्यांना हेही एक उत्तरच म्हणायचं. 14 ऑक्टोबर 2009 रोजी बंगळूरला त्यांचं निधन झालं.

त्या दिवशी भारताच्या परराष्ट्र सचिवपदी, म्हणजे या सेवेच्या सर्वांत वरच्या खुर्चीत, कोण होतं? निरुपमा राव. विवाहित, दोन मुलांची आई. मुथम्मांप्रमाणेच इंग्रजी साहित्यात एम. ए., आणि तेही आपल्या मराठवाडा विद्यापीठातून. त्या सेवेत आल्या 1973 साली. विवाहित स्त्रीला नेमणुकीचा हक्क नाही हा नियम गेला, त्याच वर्षी. त्यांच्याआधी 2001 मध्ये चोकिला अय्यर पहिल्या महिला परराष्ट्र सचिव झाल्या होत्या, आणि 2013 मध्ये सुजाता सिंग तिसऱ्या झाल्या.

मग सगळं सुरळीत झालं म्हणायचं का? मुथम्मांच्या निकालानंतर दोनच वर्षांनी, 1981 मध्ये, एअर इंडियाच्या हवाई सुंदरींचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. पहिल्या गरोदरपणात नोकरी संपवणारी अट न्यायालयाने रद्द केली, पण रुजू झाल्यापासून चार वर्षं लग्न करायचं नाही, ही अट कायम ठेवली. आणि अगदी अलीकडे, फेब्रुवारी 2024 मध्ये, याच न्यायालयाने एका लष्करी परिचारिका अधिकाऱ्याला 60 लाख रुपये देण्याचा आदेश सरकारला दिला. 1988 साली तिला सेवेतून मुक्त करण्यात आलं होतं. कारण? तिने लग्न केलं होतं. मुथम्मांचा निकाल लागून तेव्हा नऊ वर्षं झाली होती. आणि तिला न्याय मिळेपर्यंत आणखी छत्तीस गेली.

नियमपुस्तकातली ओळ एका अधिसूचनेने खोडता येते. मनातली ओळ खोडायला वेळ लागतो. आजही एखाद्या मुलीला मुलाखतीत विचारलं जातं, 'लग्नाचा काय विचार आहे?' तिच्या शेजारी बसलेल्या मुलाला हा प्रश्न येत नाही. तुम्ही कधी मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसलात आणि हा प्रश्न ओठांवर आला, तर क्षणभर थांबा. तोच प्रश्न त्या मुलालाही विचारणार आहात का, एवढं स्वतःला विचारा. मुथम्मांनी न्यायालयात सरकारला विचारलं होतं, ते याहून फार वेगळं नव्हतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)