व्यसन न लावणाऱ्या वेदनाशामकाचा शोध

उत्तर पाकिस्तानातील एक मुलगा रस्त्यावर खेळ करून पैसे मिळवीत असे. तो स्वतःच्या दंडात सुरी खुपसून घेई, निखाऱ्यांवरून चाले. वेदना म्हणजे काय, हे त्याला जन्मापासूनच ठाऊक नव्हते. चौदाव्या वर्षाच्या सुमारास घराच्या छपरावरून उडी मारल्याने त्याचा अंत झाला. केंब्रिजचे संशोधक जेफ्री वुड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या नात्यातील अशाच मुलांचा अभ्यास केला. त्यांच्या नसांतील सोडियमचे कण आत घेणारे एक सूक्ष्म द्वार जन्मतःच निकामी होते, असे २००६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले.

दुखऱ्या जागेची वार्ता नसांमधून मेंदूकडे जाते ती अशाच द्वारांच्या उघडझापीने. अफूवर्गीय औषधे मुख्यतः मेंदूत आणि मज्जारज्जूत काम करतात. तेथे ती वेदना दडपतात, पण सुखाची चटकही लावतात. अमेरिकेत १९९६ मध्ये बाजारात आलेल्या ऑक्सिकाँटिनच्या व्यसनाचा धोका कमी आहे, असे डॉक्टरांना सांगितले गेले. २००७ मध्ये उत्पादक कंपनीने न्यायालयात दिशाभुलीचा गुन्हा कबूल केला; तोवर असंख्य घरे उद्ध्वस्त झाली होती. आपल्याकडेही ट्रॅमाडॉलचा दुरुपयोग वाढल्याने २०१८ मध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणावे लागले.

मग वार्ता मेंदूपर्यंत पोहोचण्याआधीच अडवली तर? त्या मुलांमधील द्वार बंद करणारी औषधे अपेक्षेस उतरली नाहीत. त्याच कुळातील दुसरे द्वार मात्र प्रामुख्याने वेदना वाहणाऱ्या बाह्य नसांत आढळते. ते रोखणाऱ्या सुझेट्रिजिन या गोळीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ३० जानेवारी २०२५ रोजी मान्यता दिली. पोटाच्या आणि पायाच्या अंगठ्याच्या शस्त्रक्रियांनंतर, प्रत्येकी सुमारे हजार रुग्णांवर झालेल्या दोन चाचण्यांत तिने निरौषधी गोळीपेक्षा अधिक आराम दिला.

ही मान्यता तात्कालिक वेदनेपुरतीच आहे, हे बातम्यांच्या गदारोळात हरवले. वर्षानुवर्षे कंबर धरून गल्ल्यावर बसणाऱ्याचा प्रश्न निराळा आहे. कमरेतून पायात उतरणाऱ्या सायटिकाच्या चाचणीत या गोळीने दहाच्या मोजपट्टीवर वेदना सुमारे दोन अंकांनी कमी केली खरी. पण निरौषधी गोळी घेणाऱ्यांनाही जवळजवळ तितकाच आराम पडला! जुनाट वेदनेत आशेचाही वाटा असतो आणि तो वजा केल्याशिवाय औषधाचे श्रेय ठरत नाही. शिवाय एका गोळीची जाहीर किंमत साडेपंधरा डॉलर. दिवसाला दोन, म्हणजे वर्षाला अकरा हजार डॉलरहून अधिक. शस्त्रक्रियेनंतरच्या चार दिवसांना हे परवडेल, आयुष्यभराच्या दुखण्याला नाही.

तोवर दुकानातून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅकवर दिवस ढकलणाऱ्यांची संख्या आपल्यात मोठी आहे. त्या गोळीचे व्यसन लागत नाही, म्हणून ती निर्धोक समजली जाते. दीर्घकाळ घेतल्यास मात्र ती मूत्रपिंडांना आणि जठराला इजा करू शकते. रक्तदाबाच्या रुग्णांनी तर अधिकच जपावे. जुनाट कंबरदुखीत डॉक्टर आधी व्यायाम सुचवतात. काहींना ड्युलॉक्सेटिन देतात. ते नैराश्यावरचेही औषध असल्याने चिठ्ठी पाहून घरचे दचकतात आणि गोळी बंद करतात. वास्तविक ते नसांच्या दुखण्यावरही दिले जाते आणि मनाने अचानक थांबवणे त्रासदायक ठरते. सुझेट्रिजिनची मधुमेहींच्या पायांतील नसांच्या वेदनेवरील मोठी चाचणी मान्यतेच्या आधीच हाती घेण्यात आली आहे.