गुडघेदुखी आणि किरणोपचार : एक ताळेबंद

‘किरणोपचार’ हा शब्द कानी पडताच कर्करोगाची आठवण होते. परंतु जर्मनीत झिजलेल्या, दुखऱ्या सांध्यांवरही अल्प मात्रेत किरणे देण्याची पद्धत अनेक दशके रूढ आहे. कर्करोगात एकूण मात्रा पुष्कळदा ६० ग्रेपर्यंत जाते. सांध्यासाठी ती ३ ते ६ ग्रे असून बहुधा सहा वेळांत विभागून देतात. झिजलेली कूर्चा त्याने भरून येत नाही. दाह शमावा, एवढाच हेतू.

बँकेतील सवयीने मी आधी नावेची बाजू पाहतो. ब्रिटनमध्ये पूर्वी मणक्याच्या संधिवातावर मोठ्या मात्रेत किरणे दिली जात. अशा रुग्णांत रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण वाढल्याचे कोर्ट-ब्राउन व डॉल यांनी १९५७ साली दाखवून दिले. आजची मात्रा पुष्कळ कमी असली, तरी तरुणांना हा उपचार सहसा देत नाहीत.

आता जमेची बाजू. नेदरलँड्समधील २०१८ च्या चाचण्यांत ठोस लाभ आढळला नाही. दक्षिण कोरियातील २०२५ साली जाहीर झालेल्या चाचणीत मात्र ३ ग्रे घेतलेल्या गुडघ्याच्या रुग्णांपैकी सुमारे ७० टक्क्यांना चार महिन्यांनी आराम होता. पण किरणे न देता केवळ उपचाराचा देखावा केलेल्यांपैकीही सुमारे ४२ टक्क्यांना तो होताच. म्हणजे किरणांच्या खाती जमा होतात ते २८ टक्केच.

वजन आटोक्यात ठेवणे व मांडीच्या स्नायूंचा व्यायाम ही आपली जुनी ठेव. ती मोडून नव्या खात्यात रक्कम भरण्याची घाई नको.