अंगठ्याखालची सहा बटणे

आमचे अण्णा तरुणपणी संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करीत. पुढे अर्धांगवायूने डावा हात गेला. उजवा हात पट्ट्यांवर फिरे. पण स्टॉप ओढून आवाजाचा रंग बदलायला दुसरा हात आणायचा कोठून?

माझ्या मुलाने घरी संगणकाचा ऑर्गन उभा केला. खऱ्या पाइप-ऑर्गनचे ध्वनिमुद्रित सूर त्यात साठवलेले. पट्टी दाबली की वाजतात. आजोबांसाठी त्याने पट्ट्यांखालच्या फळीत, अंगठा पोचेल अशी, सहा बटणे बसवली. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. मला वाटले, सूर बटणातच असेल. छे! बटण मुके. ते संगणकाला नुसता इशारा देते. कोणत्या इशाऱ्याला कोणते स्टॉप उघडायचे, हे आधी पढवून ठेवायचे.

सहावे बटण ‘पुढची जुळणी’ लावण्याचे. पहिल्याच दिवशी ते एकदा दाबले, तर जुळणी दोन पायऱ्या पुढे! हळुवार आलापीत एकदम गर्जना उठली. अण्णा उठून गेले ते चार दिवस फिरकले नाहीत. बटणातला पत्रा टेकताना थरथरतो, नि संगणक एकाचे दोन मोजतो. पहिल्या इशाऱ्यानंतर काही मिलिसेकंद बहिरे राहायला मुलाने त्याला शिकवले.

पाडव्याला अण्णा पुन्हा बसले. अंगठा कधी हलला, कळलेच नाही. सूर तेवढा पालटला. स्वयंपाकघरात आईचे लाटणे थांबले होते.