शांतताकाळातील वीरमरण

रणांगणावर पडलेल्या वीराचे स्मरण कसे करावे, हे कोणत्याही समाजाला शिकवावे लागत नाही. लढाईचे ठिकाण ठाऊक असते, शत्रू ठाऊक असतो, दिवस ठाऊक असतो. त्या तीन खुणांभोवती पोवाडे रचले जातात, चौथरे बांधले जातात आणि वर्षानुवर्षे पुष्पचक्रे वाहिली जातात. परंतु युद्धाची समाप्ती झाल्यानंतर, तोफा थंड पडल्यानंतर, नित्याच्या कर्तव्यावर असताना एखादा सैनिक विमानाच्या अपघातात मृत्यू पावतो, तेव्हा मात्र लोकांचे मन जरासे गोंधळते. हळहळ होते, दोन दिवस वृत्तपत्रांत छायाचित्रे येतात आणि 'दुर्दैवी अपघात' एवढी नोंद करून समाज आपल्या उद्योगाला लागतो. अशा मृत्यूची योग्यता कोणती आणि त्याच्या स्मरणात नेमके काय जतन करावयाचे, ह्या प्रश्नाचा विचार करण्यास भोपाळ शहराने अलीकडच्या काळात एक उदाहरण पुरविलेले आहे.

भोपाळच्या एका टोकाला बाग सेवनिया ही वस्ती आहे, तर दुसऱ्या टोकाला बैरागढ. ह्या दोहोंच्या दरम्यान, अरेरा टेकड्यांच्या भागात, 14 ऑक्टोबर 2016 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी ह्यांच्या हस्ते उद्घाटन झालेले शौर्य स्मारक आहे. जीवन, रणभूमी, मृत्यू आणि मृत्यूवरील विजय अशा क्रमाने त्या वास्तूची मांडणी केलेली आहे. ह्याच शहराने 17 डिसेंबर 2021 रोजी बैरागढच्या स्मशानभूमीत ग्रुप कॅप्टन वरुण सिंग ह्यांना संपूर्ण लष्करी इतमामाने अखेरचा निरोप दिला. ह्या वैमानिकाचे मूळ घराणे उत्तर प्रदेशातील देवरिया जिल्ह्याचे. वडील भूदलात कर्नल होते आणि निवृत्तीनंतर ते भोपाळला स्थायिक झाले होते. त्यामुळे मुलाची शेवटची यात्रा ह्या नगरात निघाली.

तारखांचा योग असा, की 15 डिसेंबर 2021 रोजी बंगळूरच्या लष्करी रुग्णालयात वरुण सिंग ह्यांची प्राणज्योत मालवली आणि दुसऱ्या दिवशी, 16 डिसेंबर रोजी, त्यांचे पार्थिव भोपाळला आणण्यात आले. बांगलादेशच्या युद्धातील विजयाला त्या दिवशी बरोबर 50 वर्षे पूर्ण होत होती. एकीकडे देश ढाक्याच्या शरणागतीचा सुवर्णमहोत्सव साजरा करीत होता आणि दुसरीकडे, कोणतेही युद्ध चालू नसताना गेलेल्या एका सैनिकाची शवपेटी त्याच्या गावी पोहोचत होती. विजयाचे राखण करण्यासाठी शांततेच्या काळातही माणसे खर्ची पडत असतात, हे त्या एका दिवसाने दाखवून दिले.

ज्या अपघातात हे घडले, तो सर्वांच्या स्मरणात आहे. 8 डिसेंबर 2021 रोजी दुपारी तामिळनाडूतील सुलूरच्या विमानतळावरून विमानदलाचे एक एमआय-17 जातीचे हेलिकॉप्टर निलगिरीतील वेलिंग्टनकडे निघाले. देशाचे पहिले संरक्षण दलप्रमुख जनरल बिपिन रावत, त्यांच्या पत्नी मधुलिका रावत आणि इतर अधिकारी व सैनिक मिळून 14 जण त्यात होते. वेलिंग्टनच्या संरक्षण सेवा महाविद्यालयात वरुण सिंग अध्यापनाचे काम करीत होते व पाहुण्यांना घेऊन येण्यासाठी ते सुलूरला गेले होते. कुन्नूरजवळ हेलिकॉप्टर कोसळले. त्याच दिवशी 13 जण मृत्यू पावले. एकटे वरुण सिंग भाजलेल्या अवस्थेत जिवंत हाती लागले आणि सात दिवस मृत्यूशी झुंजले. मृतांमध्ये भोपाळशेजारच्या सीहोर जिल्ह्यातील धामंदा गावचे नायक जितेंद्र कुमार वर्मा हेही होते. जनरल आणि नायक ह्यांच्यातील पदांचे अंतर त्या टेकडीवर एका क्षणात नाहीसे झाले. स्मरणातही ते पुन्हा उभे राहू नये, हेच न्यायाचे होय.

अपघात कसा घडला, ह्याची चौकशी तिन्ही दलांच्या समितीने केली. यंत्रातील बिघाड, घातपात अथवा निष्काळजीपणा ही कारणे विमानदलाने जानेवारी 2022 मध्ये जाहीर केलेल्या प्राथमिक निष्कर्षांत नाकारण्यात आली. दरीतील हवामान अनपेक्षितपणे बदलले, हेलिकॉप्टर ढगांत शिरले आणि वैमानिकाला दिशांचे भान राहिले नाही, असे समितीचे म्हणणे होते. हा प्रकार थोडा समजून घेण्यासारखा आहे. माणसाला वर-खाली, डावे-उजवे कळते ते डोळ्यांनी आणि कानाच्या आतील द्रवाच्या हालचालीने. ढगात शिरताच क्षितिज दिसेनासे होते. मग उरते ती कानाची साक्ष, आणि ती फसवी असते. सावकाश घेतलेले वळण कानाला जाणवतच नाही. विमान कललेले असताना ते सरळ आहे, असे मन खात्रीने सांगते. अशा वेळी यंत्र पूर्णपणे शाबूत आणि वैमानिकाच्या ताब्यात असूनही डोंगरावर जाऊन आदळू शकते. सुलूरच्या सपाटीवरून काही मिनिटांत निलगिरीच्या उंच पठारावर चढावयाचे, आणि तेही डोंगराला ढग लगडलेले असताना, हे काम वरकरणी दिसते तितके सोपे नसते.

मात्र वरुण सिंग ह्यांचे स्मरण केवळ ह्या अपघातापुरते ठेवले, तर त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांच्या आयुष्यातील खरा कसोटीचा प्रसंग त्याआधी चौदा महिने घडून गेलेला होता.

12 ऑक्टोबर 2020 रोजी, विंग कमांडर ह्या पदावर असताना, ते 'तेजस' ह्या भारतीय बनावटीच्या लढाऊ विमानाची चाचणी घेत होते. विमानाच्या नियंत्रण-यंत्रणेत व वैमानिकाच्या कक्षातील हवेचा दाब राखणाऱ्या यंत्रणेत मोठी दुरुस्ती झालेली होती आणि ती दुरुस्ती नीट झाली की नाही, हे प्रत्यक्ष उड्डाण करून पाहावयाचे होते. फार उंचीवर असताना कक्षातील हवेचा दाब राखणारी यंत्रणा निकामी झाली. वरुण सिंग ह्यांनी बिघाड ओळखला आणि विमान उतरविण्यासाठी खाली आणावयास सुरुवात केली. उतरत असतानाच नियंत्रण-यंत्रणाही बंद पडली.

ह्या बिघाडाचे गांभीर्य कळण्यासाठी 'तेजस'ची रचना ध्यानात घ्यावी लागते. जुन्या विमानांत वैमानिकाचा दांडा आणि पंखांवरील झडपा ह्यांचा तारांनी वा कांड्यांनी थेट संबंध असे. 'तेजस'मध्ये तसे नाही. चपळपणा यावा म्हणून त्याची घडण मुद्दाम अस्थिर ठेवलेली आहे, आणि त्याला सावरून धरण्याचे काम संगणक अखंडपणे करीत असतात. वैमानिक आपली इच्छा संगणकाला कळवितो आणि संगणक झडपा हलवितो. सायकलस्वार नकळत तोल सांभाळीत असतो, तसा हा तोल यंत्र सांभाळते. ती यंत्रणाच नाहीशी झाली, की विमान क्षणात वर उसळते, क्षणात खाली झेपावते. त्या दिवशी नेमके तसेच झाले. अशा प्रकारचा बिघाड त्या विमानात त्यापूर्वी कधीही झालेला नव्हता. त्या हिसक्यांमुळे वैमानिकाच्या शरीरावर त्याच्या वजनाच्या कित्येक पट भार पडत होता. तशाही स्थितीत वरुण सिंग ह्यांनी विमान सावरले. सुमारे 10,000 फुटांवर असताना ते पुन्हा हाताबाहेर गेले.

अशा वेळी आसनाखालील स्फोटक यंत्रणेने स्वतःला बाहेर फेकून घेऊन हवाई छत्रीने उतरण्याची वैमानिकाला पूर्ण मुभा असते. त्याने तसे केले असते, तर त्याला कोणीही दोष दिला नसता. परंतु विमान पडू दिले, तर खाली कोणाच्या जीवावर बेतेल ते सांगता येत नाही, आणि बिघाडाचे मूळही विमानाबरोबर नष्ट होते. वरुण सिंग ह्यांनी ते संकट पत्करून विमान ताब्यात आणले आणि सुखरूप उतरविले. त्यामुळे बिघाडाची तपासणी करता आली व तो पुन्हा घडू नये म्हणून उपाय योजता आले. ह्याचा अर्थ असा, की त्यानंतर 'तेजस'मध्ये बसणाऱ्या प्रत्येक वैमानिकाला त्या दिवसाच्या धैर्याचा लाभ मिळालेला आहे. ऑगस्ट 2021 मध्ये त्यांना 'शौर्य चक्र' जाहीर झाले.

हे पदक कोणासाठी असते, हे पाहिले म्हणजे आरंभीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर सापडते. परमवीर, महावीर आणि वीर ही चक्रे शत्रूसमोर दाखविलेल्या पराक्रमासाठी आहेत. त्यांच्या शेजारी अशोक, कीर्ती आणि शौर्य ही दुसरी मालिका उभी आहे. ती शत्रूच्या समोर नसताना दाखविलेल्या धैर्यासाठी आहे. तिची स्थापना 1952 साली झाली आणि पुढे 1967 साली तिला आजची नावे मिळाली. शत्रू समोर नसतानाही मरणाशी गाठ पडू शकते, हे प्रजासत्ताकाने आपल्या बालपणीच मान्य केले होते.

त्याच 1952 सालचा एक प्रसंग महाराष्ट्राला जवळचा आहे. लखनौहून दिल्लीकडे जाणाऱ्या एका लहान लष्करी विमानाचे इंजिन आकाशात पेटले. आत जनरल श्रीनागेश, जनरल थिमय्या आणि कोल्हापूरकडचे जनरल एस. पी. पी. थोरात असे ज्येष्ठ सेनाधिकारी होते. वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट सुहास बिस्वास ह्यांनी जळते विमान एका शेतात उतरविले आणि सर्वांचे प्राण वाचविले. विमानदलात अशोक चक्राचा मान प्रथम त्यांना मिळाला. पुढे 1957 साली हे बिस्वास स्वतः विमान-अपघातातच गेले. एका उड्डाणात अनेकांना वाचविणारा वैमानिक दुसऱ्या उड्डाणात वाचत नाही. बिस्वास आणि वरुण सिंग ह्यांच्या आयुष्यांतील हे साम्य मनाला चटका लावणारे आहे.

युद्धानंतरच्या वर्षांनी असे बळी अनेकदा घेतलेले आहेत. चीनशी झालेल्या युद्धाला वर्ष होते न होते, तोच 22 नोव्हेंबर 1963 रोजी पूंछजवळ हेलिकॉप्टर कोसळून जनरल दौलत सिंग, जनरल बिक्रम सिंग, एअर व्हाइस मार्शल पिंटो ह्यांच्यासह सहा जण मृत्यू पावले. 1965 च्या युद्धानंतर, 7 फेब्रुवारी 1968 रोजी, चंडीगढहून लेहकडे निघालेले एक मालवाहू लष्करी विमान खराब हवेमुळे माघारी फिरले आणि रोहतांगच्या परिसरात 102 जणांसह नाहीसे झाले. हिमनदीने त्यांना पोटात घेतले. बर्फ जसजसा खाली सरकत गेला आणि वितळत गेला, तसतसे 2003 पासून त्यातील काही देह सापडू लागले. 2024 च्या सप्टेंबरअखेर, म्हणजे 56 वर्षांनंतर, आणखी चार देह मिळाले. त्यांपैकी एक केरळचे थॉमस चेरियन हे होते. अपघाताच्या वेळी त्यांचे वय 22 वर्षांचे होते. सैन्याने शोध सोडला नाही आणि गावाने त्यांना सन्मानाने मूठमाती दिली. स्मरण म्हणजे काय, ह्याचा तो वस्तुपाठ होय. माणूस कोणत्या कारणाने गेला, ह्याची तेथे कोणी प्रतवारी लावली नाही.

वरुण सिंग ह्यांनी मात्र आपल्या मागे आणखी एक ठेव ठेवलेली आहे. 18 सप्टेंबर 2021 रोजी, पदक जाहीर झाल्यानंतर थोड्याच दिवसांनी, त्यांनी चंडीमंदिर येथील आपल्या जुन्या शाळेच्या प्राचार्यांना एक पत्र लिहिले. आपण शाळेत अगदी सामान्य विद्यार्थी होतो, बारावीत जेमतेम प्रथम श्रेणी मिळविली, पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतही अभ्यासात किंवा खेळात चमकलो नाही, असे त्यांनी त्यात मोकळेपणाने सांगितले. विमानांची ओढ मात्र पहिल्यापासून होती, आणि मन लावून काम केले तर आपणही ते उत्तम करू शकतो, हे त्यांना तरुण अधिकारी म्हणून लढाऊ तुकडीत गेल्यावर उमगले. सामान्य गुण मिळाले म्हणून कोणी निराश होऊ नये, आवडीचे काम शोधावे आणि त्यात कसूर करू नये, हा त्या पत्राचा आशय होता. ह्या पत्रानंतर तीन महिन्यांच्या आत लेखक जगातून गेला आणि एका शाळेसाठी लिहिलेले ते पत्र साऱ्या देशाने वाचले.

पुतळे उभारणे, रस्त्यांना नावे देणे ह्या गोष्टी योग्यच आहेत. परंतु अपघाताची तारीख कोरलेल्या दगडापाशी विद्यार्थ्याला नुसते उभे केले, तर त्याला सैनिकाचे मरण तेवढे दिसते. चाचणीच्या दिवशी त्याने विमान का सोडले नाही आणि पदक मिळाल्यावर परीक्षेत मागे राहिलेल्या मुलांची त्याला आठवण का झाली, हे त्या विद्यार्थ्याला कळावयास हवे. बाग सेवनियातील असो, धामंद्यातील असो वा सातारा-कोल्हापुराकडच्या एखाद्या खेड्यातील असो, कमी गुणांची प्रगतिपत्रिका घेऊन घरी परतणाऱ्या मुलाला हे पत्र कोणी वाचून दाखविले, म्हणजे वरुण सिंग ह्यांचे स्मरण योग्य ठिकाणी पोहोचले, असे समजावयास हरकत नाही.