कोंबडी, उलट्या पिसांची
ज्या कोंबडीची पिसे अंगालगत सपाट न बसता बाहेरच्या व पुढील बाजूस वळतात, तिला उलट्या पिसांची कोंबडी म्हणतात. हा रोग नसून आनुवंशिक लक्षण आहे. ते एका अपूर्ण प्रभावी जनुकावर (आनुवंशिक लक्षण ठरविणाऱ्या घटकावर) अवलंबून असते. हे जनुक केराटीन या प्रथिनाचे असून त्यातील काही भाग गळाल्याने पिसाचा कणा वाकतो, असे २०१२ मध्ये आढळून आले. जनुक एकाच पालकाकडून आल्यास पिसे नुसती वळतात. दोघांकडून आल्यास ती ठिसूळ होऊन झडतात. अशा दोन पक्ष्यांच्या संकरातून सरासरीने एक चतुर्थांश पिले या दुर्बल पिसांची निपजतात. साध्या पक्ष्याशी संकर केल्यास ती निपजत नाहीत व निम्मी पिले वळलेल्या पिसांची होतात. कोंबडीला घर्मग्रंथी नसल्याने रायगडच्या किनाऱ्यासारख्या उष्ण व दमट प्रदेशात वळलेल्या पिसांतून अंगातील उष्णता सहज बाहेर पडणे हितावह ठरते. पिसे झडलेल्या पक्ष्याला मात्र तेथील पावसाळ्यात संरक्षण उरत नाही. म्हणून प्रजननासाठी साध्या पक्ष्याची जोड देणे इष्ट असते. इज्जतनगर (बरेली) येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने या लक्षणाचा उपयोग करून परसातील पालनासाठी ‘उपकारी’ हा संकरित वाण तयार केला आहे.